ट्रॉन्डहाइममधील नदीकाठचा हेरिटेज वॉक : एक परीक्षण

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमला जाणाऱ्या पर्यटकाच्या हाती सहसा दीड दिवस असतो. कॅथीड्रल, जुना लाकडी पूल आणि त्या पुलावरचे एक छायाचित्र एवढे उरकून तो उत्तरेकडच्या बेटांची वाट धरतो. त्या दीड दिवसातले पावणेतीन तास पायी हिंडण्यात घालवावेत आणि वर त्यासाठी पैसेही मोजावेत, असे त्या फेरीत काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. गेल्या जून महिन्यात आईला घेऊन मी ओस्लोहून रेल्वेने तेथे गेले होते, तेव्हा शहराचा इतिहास नदीच्या काठाकाठाने सांगणारा एक हेरिटेज वॉक आम्ही दोघींनी केला. फेरी घेणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि अशा फेऱ्या घेणाऱ्या संस्था तेथे एकाहून अधिक आहेत. आपण निवडलेल्या फेरीत काय असावे आणि काय आधी विचारून घ्यावे, एवढे वाचकाला या लेखातून कळले तरी पुरे.

माझा निष्कर्ष आधीच सांगते. या शहराची गोष्ट बहुतेक ठिकाणी राजा आणि संत यांच्यापासून सुरू होते आणि तेथेच संपते. या फेरीने ती नदीपासून सुरू केली, हे तिचे खरे मोल आहे. नदीचा हात तिने धरून ठेवला तोवर ती उत्तम होती. शेवटच्या चाळीस मिनिटांत तिने तो सोडला आणि तेथपासून ती कोणत्याही शहरातल्या कोणत्याही फेरीसारखी झाली.

सुरुवात राव्हन्क्लोआ या जुन्या मासळी बाजाराच्या धक्क्यापाशी होती. आम्ही चौदा जण होतो, जे माझ्या मते चार-पाच जणांनी जास्त होते. मार्गदर्शक पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होती. तिने नमस्कार-चमत्कार आटोपताच पिशवीतून हातभर जाड दोरी काढली आणि ती धक्क्याच्या दगडांवर ठेवून तिला वळण देऊ लागली. दक्षिणेकडील सेल्बू सरोवरातून येणारी निदेल्वा नदी समुद्राकडे सरळ न जाता पश्चिमेला फाकते, मोठा वळसा घेऊन पुन्हा पूर्वेकडे येते आणि मग उत्तरेला वळून खाडीला मिळते. म्हणजे दक्षिणेला आणि पूर्वेला नदी, उत्तरेला खाडी, आणि जमिनीशी जोडणारी चिंचोळी पट्टी तेवढी पश्चिमेला. दोरीच्या आत उरलेल्या जागेवर तिने पाऊल ठेवले आणि हेच जुने शहर, असे सांगितले. शत्रूला अडवायला एकच बाजू, होड्या लावायला मात्र दोन काठ. नकाशावर मी हे वळण अनेकदा पाहिले होते, पण बंदरासाठी हीच जागा का निवडली गेली हे त्या दोरीने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही फलकाने केले नव्हते. शहराचे जुने नाव निदारोस. त्याचा अर्थ नीद नदीचे मुख एवढाच आहे. नावातच नदी असताना कथेतून ती कशी गळते, याचे मला नवल वाटते.

राजा ओलाव त्रिग्वासोनने ९९७ मध्ये येथे व्यापारी पेठ वसवली, असे परंपरा सांगते, आणि त्या हिशेबाने शहराने १९९७ मध्ये आपली हजारी साजरी केली. बाजार चौकात उंच स्तंभावर या राजाचा पुतळा आहे आणि चौकातील फरशीवर त्याची सावली वेळ दाखवते. बहुतेक मार्गदर्शक येथे बराच वेळ घालवतात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी दोन मिनिटांत पुतळा मागे टाकला आणि आम्हाला सोन्द्रे गाटा या शेजारच्या रस्त्यावर नेले. जेथे आज कार्यालयांच्या साध्या इमारती आहेत, तेथे २०१६ मध्ये उत्खननात एका लहान लाकडी चर्चचा पाया सापडला, आणि ते संत क्लेमेंटचे चर्च असावे असे पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केले. दुसरा ओलाव, म्हणजे ओलाव हाराल्डसोन हा राजा, १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला. त्याचे शव गुपचूप होडीतून शहरात आणून नदीकाठच्या वाळूत पुरले गेले. वर्षभराने ते उकरून काढले आणि ३ ऑगस्ट १०३१ रोजी त्याला संत ठरवून क्लेमेंटच्या चर्चमध्ये ठेवले. लढाईत हरलेला राजा वर्षभरात संत झाला आणि पुढची पाचशे वर्षे उत्तर युरोपातले यात्रेकरू या नदीकाठाकडे चालत येत राहिले. ही कथा सर्वत्र ऐकायला मिळते. परंतु शव होडीने आले, वाळूत पुरले आणि जेथे पुरले होते तेथे झरा फुटला असे लोक मानू लागले, हे तीनही टप्पे पाण्याशी बांधलेले आहेत, याकडे लक्ष वेधणारी व्यक्ती मला पहिल्यांदाच भेटली.

यानंतरचा तासभर मी या फेरीला पैकीच्या पैकी गुण देईन. शोपमान्सगाटा, म्हणजे शब्दशः व्यापाऱ्यांचा रस्ता, नदीच्या पश्चिम काठाने जातो आणि त्याच्या कडेला लाकडी वखारींची ओळ नदीत पाय सोडून बसल्यासारखी उभी आहे. तांबड्या, पिवळ्या, गेरू रंगाच्या या इमारतींची छायाचित्रे प्रत्येक माहितीपत्रकावर असतात. ती नेहमी पुलावरून घेतलेली असतात, म्हणून त्यांत रंग दिसतात आणि इमारतीचे काम दिसत नाही. आम्हाला एका फटीतून, दोन वखारींच्या मधल्या अरुंद बोळाने, खाली पाण्याच्या पातळीपर्यंत नेण्यात आले. ओहोटी होती. समुद्राची भरती येथपर्यंत नदीत चढते, त्यामुळे वखारी ज्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत त्यांचा बराच भाग उघडा पडला होता. खालचा, सतत पाण्यात राहणारा भाग काळा आणि शेवाळाने गुळगुळीत, वरचा राखाडी आणि कोरडा, आणि मध्ये हातभर पट्टा असा की लाकूड भुसभुशीत होऊन त्याचे धागे सुटलेले. मार्गदर्शक बाईंनी त्या पट्ट्यात अंगठा दाबला तर तो थोडा आत गेला. जे लाकूड कायम पाण्याखाली असते ते शतकानुशतके टिकते, कारण कुजवणाऱ्या बुरशीला तेथे हवा मिळत नाही. जे कायम कोरडे असते तेही टिकते. रोज दोनदा ओले आणि दोनदा कोरडे होणारे मात्र झिजत जाते. म्हणून काही वखारी नदीकडे कललेल्या दिसतात आणि म्हणूनच खुंट बदलत राहणे हे या ओळीचे कायमचे दुखणे आहे.

आईने त्या खुंटांकडे बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, “अगं, पण मुळात पाण्यात बांधायचीच कशाला? काठ काय कमी आहे इथे?” मी तो प्रश्न भाषांतर करून विचारला आणि त्याच्या उत्तरात फेरीतील सर्वांत चांगली दहा मिनिटे निघाली. वखारीच्या रस्त्याकडील दारातून माल गाडीवर चढे आणि नदीकडील बाजूने तो थेट होडीत उतरे. म्हणजे इमारत हीच धक्का होती आणि धक्का हीच इमारत. छपराच्या त्रिकोणी टोकाखाली पुढे आलेली तुळई आणि तिला अडकवलेली कप्पी अजून अनेक वखारींवर दिसते. होडी खाली उभी करायची, दोर सोडायचा, पोती किंवा पिंप वर ओढायचे आणि मजल्याच्या दारातून आत घ्यायचे. वखारीच्या प्रत्येक मजल्याला नदीकडे दार आहे आणि त्या दाराला जिना नाही, हे एकदा लक्षात आले की मग सगळी ओळ वाचता येऊ लागते.

आत काय येत होते आणि बाहेर काय जात होते, हेही नीट सांगितले गेले. उत्तरेकडून सुकी आणि खारवलेली मासळी, आजूबाजूच्या दऱ्यांतून इमारती लाकूड, आणि १६४४ नंतर रोरोसच्या डोंगरातले तांबे. रोरोस येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, उंच पठारावर आहे. उन्हाळ्यात त्या वाटा चिखल आणि दलदलीच्या असत, म्हणून तांबे हिवाळ्यात बर्फ गोठल्यावर शेतकऱ्यांच्या घसरगाड्यांवरून खाली आणले जाई, आणि मग येथून बहुतांशी ॲमस्टरडॅमच्या बाजाराकडे जाई. ती खाण १९७७ पर्यंत चालू होती. तांब्याने श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यांत आंगेल आणि होर्नेमान ही घराणी मोठी, आणि त्यांचे मूळ नॉर्वेचे नसून सध्याच्या डेन्मार्क-जर्मनी सरहद्दीवरील फ्लेन्सबुर्गच्या बाजूचे. यांतील टोमास आंगेल १७६७ मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा आपली प्रचंड मालमत्ता शहरातील गरिबांसाठी ठेवून गेला. मुंकेगाटा या रस्त्यावरील स्टिफ्ट्सगोर्डन हा पिवळसर लाकडी राजवाडाही याच व्यापारी पैशाचा. सेसिलिये क्रिस्तीने शोलर या धनाढ्य विधवेने तो १७७४ ते १७७८ या काळात बांधला, त्यात १४० खोल्या आहेत, आणि आज राजघराणे शहरात आले की तेथे उतरते. राजवाडा म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू मुळात राजाने बांधलेलीच नाही, ही गोष्ट फेरीत जाता जाता सांगितली गेली. मला वाटते ती थांबून सांगायला हवी होती.

ज्या गोष्टीने शहराला पैसा दिला तिनेच ते अनेकदा जाळले. लाकडाची घरे, लाकडाच्या वखारी, आत डांबर आणि दोरखंड. एप्रिल १६८१ मध्ये होर्नेमान घराण्यातील एका व्यापाऱ्याच्या पाण्याकाठच्या वखारीत लागलेल्या आगीने जवळजवळ सगळे शहर बेचिराख केले. राजाने लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला सेनाधिकारी योहान कास्पार दि सिसिन्यों याला पाठवले आणि त्याने जुन्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांच्या जागी रुंद, सरळ रस्त्यांची आखणी केली, ती मुख्यतः पुढची आग रस्त्यापलीकडे उडी मारू नये म्हणून. कॅथीड्रलपासून राव्हन्क्लोआपर्यंत आणि तेथून दृष्टी थेट खाडीतील मुंकहोल्मन बेटावर जाऊन टेकते, असा मुंकेगाटा हा त्या आखणीचा कणा आहे. बेटाचे नाव साधूंचे बेट. तेथे प्रथम मठ होता आणि नंतर तुरुंग झाला. आखणी उत्तम होती, पण घरे पुन्हा लाकडाचीच बांधली गेली, त्यामुळे आगी लागतच राहिल्या. १८४१ आणि १८४२ अशा लागोपाठ दोन वर्षांच्या आगींनंतर मात्र मध्यवस्तीत विटांचे बांधकाम सक्तीचे झाले. नदीकाठच्या वखारी लाकडाच्या आणि त्यांच्यासमोरील घरे विटांची असा जो विचित्र जोडीचा रस्ता आज दिसतो, त्याचे कारण मला येथे उमगले.

आता पहिली तक्रार. नोंदणी करताना कॅथीड्रल हा थांबा ठळक अक्षरांत दाखवला होता. प्रत्यक्षात तेथे पोहोचल्यावर आत जाण्याचे तिकीट वेगळे आहे आणि ते ज्याने त्याने काढायचे आहे, असे सांगण्यात आले. रांगेत वीस मिनिटे गेली, चौघे बाहेरच थांबले आणि उरलेल्यांना आतला भाग धावतपळत पाहावा लागला. कॅथीड्रलने तिकीट लावण्यात काही गैर नाही. गैर आहे ते फेरी विकणाऱ्याने ते आधी न सांगणे.

आत मिळालेल्या वेळात जे दाखवले गेले ते मात्र विचार करून निवडलेले होते. या चर्चचे बांधकाम १०७० च्या सुमारास संताच्या कबरीच्या जागी सुरू झाले आणि मुख्य काम १३०० च्या आसपास पुरे झाले. मधल्या काळात, ११५२-५३ मध्ये, निदारोस हे आर्चबिशपचे पीठ झाले आणि त्याच्या अधिकारात आइसलँड, ग्रीनलँड, फॅरो, ऑर्कनी, हेब्रिडीज आणि आइल ऑफ मॅन येथवरची चर्चे आली. नकाशावर ही नावे जोडून पाहिली तर जे चित्र तयार होते ते धर्माचे कमी आणि जहाजांच्या वाटांचे जास्त आहे; त्या सगळ्या वाटा या नदीच्या मुखाशी येऊन मिळतात. हे वाक्य फेरीत कोणी उच्चारले नाही, पण ते मनात येईल अशी मांडणी केलेली होती. भिंतीचा दगड जवळून पाहायला सांगितले गेले. तो शंखजिऱ्याच्या कुळातला मऊ, हिरवट-करडा दगड आहे, छिन्नीला लवकर दाद देणारा आणि म्हणूनच नाजूक नक्षीला सोयीचा. डोळ्यांच्या उंचीवरील एका चिऱ्यावर बोटभर लांबीची खूण कोरलेली होती, दोन तिरप्या रेषा आणि एक आडवी. ही कारागिराची निशाणी. कोणता चिरा कोणी घडवला हे कळावे म्हणून कोरलेली. अशा खुणा इमारतभर आहेत. एकदा एक दिसली की मग आईला त्या जागोजागी दिसू लागल्या, आणि उरलेली सात-आठ मिनिटे ती छताकडे किंवा रंगीत काचांच्या गोल खिडकीकडे न पाहता भिंतींच्या जवळजवळ चालत राहिली.

१५३७ मध्ये धर्मसुधारणेची लाट आली, शेवटचे आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्टसोन जहाजाने पळून गेले आणि चर्चचा पश्चिमेकडील भाग पुढची तीन शतके छपराविना पडून राहिला. जीर्णोद्धार १८६९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये पुरा झाला असे मानतात, म्हणजे १३२ वर्षे. आणि चर्चची स्वतःची दगडकामाची कार्यशाळा आजही चालू आहे, कारण मऊ दगड झिजतो आणि बदलावा लागतो. मघाशी पाहिलेल्या खुंटांची आठवण येथे यावी, पण मार्गदर्शक बाईंनी ती करून दिली नाही. रांगेत गेलेली वीस मिनिटे भरून काढण्याची त्यांना घाई होती.

जुना पूल, गाम्ले बीब्रू, याचा पहिला अवतार त्या १६८१ च्या आगीनंतर नव्या तटबंदीचा भाग म्हणून १६८५ मध्ये उभा राहिला. आजचा लाकडी पूल आणि त्यावरील कोरीव तांबड्या कमानी १८६१ च्या आहेत. आधीचा पूल म्हणजे शहराचे दारच होते. पलीकडच्या काठावरून येणाऱ्या मालावर येथे जकात घेतली जाई. पुलावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की दोन्ही काठांच्या वखारी एकदम दिसतात. येथे गर्दी होती, छायाचित्रे काढणारे होते, आणि कानात दिलेली रेडिओची यंत्रे इतकी खरखरू लागली की निम्मे निवेदन ऐकूच आले नाही. संस्थेने ही यंत्रे बदलावीत.

येथे एक राहून गेलेली गोष्ट मराठी वाचकासाठी सांगते, जी फेरीत नव्हती आणि कदाचित इतरांसाठी असण्याचे कारणही नाही. अठराव्या शतकात नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होते आणि डेन्मार्कचे एक ठाणे बंगालमध्ये हुगळीकाठी सेरामपूर येथे होते. (अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे.) त्या ठाण्याचा दीर्घकाळ गव्हर्नर असलेला ओले बी हा १७३३ मध्ये ट्रॉन्डहाइमला जन्मलेला. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देत नव्हती, तेव्हा १८०० मध्ये विल्यम केरी आणि त्याचे सहकारी यांना डॅनिश निशाणाखाली आश्रय मिळाला तो या गव्हर्नरमुळे. त्या आश्रयात उभ्या राहिलेल्या छापखान्यातून १८०५ मध्ये केरीचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० मध्ये मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापलेला मराठी-इंग्रजी कोश. दोन्ही कामांत पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात सेरामपूरचे नाव आपण शाळेपासून ऐकतो, पण त्या ठाण्याच्या कारभाऱ्याचे गाव हे होते, हे मलाही या प्रवासाची तयारी करतानाच कळले. ओले बीने तेथे बांधायला घेतलेले चर्च त्याच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये पुरे झाले. ते आजही उभे आहे आणि त्याचे नाव सेंट ओलाव्ह चर्च आहे. नीद नदीच्या वाळूत पुरलेल्या संताच्या नावाचे देऊळ हुगळीच्या काठावर. मी हे पुलावर मार्गदर्शक बाईंना सांगितले; त्यांनी ते नाव वहीत लिहून घेतले आणि स्पेलिंग दोनदा विचारले.

पुलापलीकडे बाक्लांदे ही कामगारांची जुनी वस्ती. लहान लाकडी घरे, गोट्यांचा रस्ता, आज उपाहारगृहे आणि सायकलवाले. १९६० आणि ७० च्या दशकांत या वस्तीतून मोठा रस्ता काढण्याचा बेत होता आणि लोकांच्या विरोधामुळे ती वाचली. चढावर सायकलस्वाराच्या पायाला आधार देऊन त्याला वर ढकलणारी यंत्रणा १९९३ पासून येथे आहे आणि ती पाहायला लहान मुलांइतकीच मोठ्यांची गर्दी होते. इथपर्यंत ठीक होते.

दुसरी आणि मोठी तक्रार यानंतरची. फेरीचा शेवट क्रिस्तियान्स्टेन किल्ल्यावर होता, आणि तेथपर्यंतचा चढ तीव्र आहे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. आई सत्तरीची आहे. ती चालते, पण चढ पाहून आधी ठरवते. येथे ठरवायला वेळच दिला गेला नाही. गट पुढे निघून गेला आणि आम्ही दोघी दर शंभर पावलांवर थांबत मागून पोहोचलो, तेव्हा किल्ल्याची गोष्ट निम्मी होऊन गेली होती. उरलेली ऐकली ती अशी : किल्ला १६८० च्या दशकात त्याच नव्या तटबंदीचा भाग म्हणून बांधला गेला, आणि १७१८ मध्ये स्वीडनचा सेनापती आर्मफेल्ट शहरासमोर येऊन उभा राहिला तेव्हा या किल्ल्याने शहर वाचवले. त्या वर्षअखेरीस स्वीडिश राजा बाराव्या चार्ल्सचा दक्षिणेकडे मृत्यू झाल्याची बातमी आली, आर्मफेल्टचे सैन्य तिदालच्या डोंगरांतून माघारी निघाले आणि १७१९ च्या सुरुवातीच्या वादळात सुमारे तीन हजार सैनिक गोठून मेले. ही कथा हृदयद्रावक आहे आणि चांगली सांगितली गेली. परंतु तिच्यात नदी नाही.

खरा आक्षेप हाच आहे. किल्ल्यावरून सगळा वळसा, खाडी, बेट आणि नवे बंदर एका नजरेत दिसते. दोरीने सुरू केलेली गोष्ट पुरी करण्यासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही. नदी हे बंदर राहिले नाही ते केव्हा आणि का, हा प्रश्न येथे विचारायला हवा होता. रेल्वे १८६४ मध्ये दक्षिणेकडे स्टोरेनपर्यंत गेली, १८७७ मध्ये रोरोसमार्गे राजधानीपर्यंत पोहोचली, आणि १८८१ मध्ये नवे स्थानक भराव घालून तयार केलेल्या ब्रात्तोरा या जमिनीवर, खाडीच्या तोंडाशी उभे राहिले. वाफेची मोठी जहाजे आणि रेल्वेचे रूळ एकमेकांना तेथे भेटले आणि नदीकाठच्या कप्प्यांचे महत्त्व ओसरले. घसरगाडीवरून येणारे तांबे आगगाडीने येऊ लागले. वखारी तशाच राहिल्या त्या कोणी त्या जपायच्या ठरवल्या म्हणून नव्हे, तर व्यापार अन्यत्र गेल्यामुळे त्या पाडून काही नवे बांधण्याची निकड उरली नाही म्हणून, असे मला वाटते. हे सगळे किल्ल्यावर दोन वाक्यांत आटोपले आणि त्यानंतर पाच मिनिटे शहराच्या नावावरील वाद रंगवण्यात गेली. तो वाद मजेदार आहे हे खरे : १ जानेवारी १९३० पासून सरकारने ट्रॉन्डयेमचे निदारोस केले, रहिवाशांनी इतका गदारोळ केला की ६ मार्च १९३१ रोजी ते पुन्हा बदलून आजचे ट्रॉन्डहाइम झाले, आणि बऱ्याच रहिवाशांना हवे असलेले जुने हिज्जे तरी परत आले नाहीतच. पण तो चहाच्या टपरीवर सांगायचा किस्सा आहे.

फेरीत नसलेला नदीमुखाचा शेवटचा अध्याय आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिला. मुखाच्या पूर्वेला नवे बंदर आहे आणि तेथे डोरा नावाचा काँक्रीटचा अजस्र ठोकळा आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतल्यावर पाणबुड्यांसाठी बांधलेला हा तळ. छप्पर साडेतीन मीटर जाडीचे, आणि बांधकामावर युद्धकैदी व वेठीचे मजूर राबवलेले. युद्धानंतर तो उडवून देण्याचा विचार झाला आणि आजूबाजूच्या वस्तीला धोका होईल म्हणून सोडून दिला गेला. आज त्या जाड भिंतींच्या आत राज्याचे आणि शहराचे दस्तऐवज ठेवलेले आहेत. व्यापाऱ्यांच्या जुन्या चोपड्यांपासून शहराची कागदोपत्री स्मृती अशा वास्तूत सुरक्षित राहावी, ही या नदीकाठची मला सर्वांत विचित्र वाटलेली गोष्ट आहे. मध्यवस्तीतून तेथे चालत जायला वेळ लागत नाही आणि वाटेत एकही चढ नाही. संस्थेने किल्ला वगळून शेवट येथे करावा, असे मी त्यांना कळवले.

शुल्काविषयी : एका व्यक्तीचे शुल्क ओस्लोतील साध्या उपाहारगृहात एका जेवणाला पडते साधारण तेवढेच होते. वखारींच्या त्या एका तासासाठी मी ते पुन्हा देईन. पाचपैकी साडेतीन गुण देते. चढाची आणि तिकिटाची सूचना आधी मिळाली असती तर चार दिले असते. जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीच्या वेळची फेरी निवडावी, कारण भरतीला तो कुजका पट्टा पाण्याखाली असतो आणि त्याविना वखारींची गोष्ट अर्धीच राहते. बोळाच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या आहेत, त्यामुळे बूट घट्ट पकडीचे हवेत. निवेदन इंग्रजीत असते. वयस्कर माणसे बरोबर असतील तर जुन्या पुलावरच फेरी सोडावी आणि बाक्लांदेत कॉफी घ्यावी.

तक्रारीचे उत्तर चार दिवसांनी आले. कॅथीड्रलच्या तिकिटाबद्दल त्यांनी दिलगिरी कळवली, पैसे परत दिले नाहीत, पण नोंदणीच्या पानावर तिकीट वेगळे असल्याचे वाक्य आता घातले आहे. चढाबद्दलचे वाक्य हे लिहीपर्यंत तरी तेथे आलेले नाही.